दोन्ही टोकांची हाक

कुडवा, गोंदिया
१३ डिसेंबर २००९

प्रिय खुशालदादा,

सप्रेम जय भीम. अल्कावहिनींनाही सांग. इकडे सकाळी तोंडातून वाफ निघावी इतकी थंडी आहे. आई बरी आहे. शिंगाडे उकडण्यात आणि माझ्या चुका काढण्यात तिचा दिवस छान जातो.

हे फोनवरही सांगता आले असते. पण तू मध्येच विषय बदलतोस आणि मला सगळे क्रमाने सांगायची सवय.

तंत्रनिकेतनातले तास सांभाळून मी मोहनलालजींच्या राइस मिलचे एक काम घेतले आहे. मिल गोंदियात, धान मोजायचा धर्मकाटा नवेगावबांध या गावी. काट्यावरचे वजन लगेच इकडच्या संगणकावर उमटावे म्हणून मी इंटरनेटवरून दोन्ही ठिकाणांत एक बोगदा बांधला. खणलेला नव्हे, सगळ्यांच्याच रस्त्याने, पण आपला मजकूर कुलूपबंद पेटीत घालून न्यायचा. त्याचे सॉफ्टवेअर मुक्त आहे, म्हणजे कोणीही ते उघडून पाहावे, सुधारावे. तुझ्यासारख्या भूगोलाच्या शिक्षकाला एवढे पुरे.

हा बोगदा रोज दुपारी बंद पडे. मोहनलालजी म्हणाले, "मॅडम, आपकी सुरंग खाना खाके सो जाती है क्या?" आणि हंगाम संपेपर्यंत ती जागी राहिली नाही, तर मोटारसायकलवरून चिठ्ठ्या पाठवणे पुन्हा सुरू करण्याची धमकीही दिली.

मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. आधी वीज तपासली, मग तार, मग यंत्र. दोष सापडेना. शेवटी नवेगावला काट्याशेजारीच जाऊन बसले. ट्रॅक्टरांची रांग असताना बोगदा उत्तम चाले. काटा सांभाळणारा दुर्गेश डबा उघडी, रांग थांबे आणि बोगदा मरे. आम्ही सगळे ओझ्याला दोष देत होतो. दोष शांततेचा होता. वाटेतले एक यंत्र कोण कोणाशी बोलते आहे हे ध्यानात ठेवते, आणि बराच वेळ कोणीच बोलले नाही की दोघांनाही विसरते. इतके साधे.

उपाय सॉफ्टवेअरमध्येच होता: अधूनमधून एक रिकामी पेटी पाठवायची. आत काही नाही, फक्त 'मी आहे'. घरी हे समजावत होते, तर शिंगाडे सोलता सोलता आई म्हणाली, "हे तं मिस कॉलच होय ना. बोलाचं काही नसते, आहो मनून सांगाचं रायते."

मी थक्क झाले. पुढच्या वर्गात हेच उदाहरण दिले.

तरी बोगदा मोडतच राहिला, आता तर घड्याळ लावल्यासारखा. कारण रिकाम्या पेट्या मी फक्त गोंदियाकडून सुरू केल्या होत्या. नवेगावचे यंत्र त्या घेई, पण तिकडून काही पाठवत नसे. त्याला तसे सांगितलेच नव्हते. हाक घालणाऱ्याने काही काळ वाट पाहावी आणि समोरून काहीच न आल्यास पलीकडे कोणी नाही असे समजून आपणच बोगदा मोडावा, असा नियम आहे. दोन्ही टोकांना सूचना दिल्या. त्या दिवसापासून बोगदा उभा आहे. मोहनलालजींनी पेढे वाटले. एकच टोक हाक घालत असेल तर सॉफ्टवेअरने तसे बजावावे, म्हणून मी चार ओळी लिहून त्याच्या मूळ कर्त्यांकडे पाठवल्या. त्यांनी दुरुस्त करायला परत पाठवल्या, मग स्वीकारल्या. आता त्या जगभर जातील, कुडव्याच्या शिंगाड्यांसकट.

दादा, दोन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला आईने तुझ्यापुढे नवे ताट ठेवले आणि चारचौघांत म्हणाली, "तू तं आता पाहुणाच झाला." ते ताट तिने तुझ्यासाठीच गोंदियाच्या बाजारातून निवडून आणले होते, हे सांगायला तिला सुचले नाही, आपल्याकडे बोलणे असेच आडवे निघते. तू त्याच संध्याकाळच्या गाडीने गेलास. तेव्हापासून दिवेलागणीला ती तुला मिस कॉल देते. परत फोन कर म्हणून ती डिवचते असे तुला वाटते. तसे नाही. ती पेटी रिकामी असते.

परवा मात्र तिने फोन फडताळात ठेवला. मी विचारले, तर म्हणाली, "तिकडून काही येतच नाही. कायले तरास द्याचा त्याले?"

मी तो काढून, चार्ज करून, पुन्हा खिडकीत ठेवला आहे. मला चार ओळींहून जास्त काही करता येत नाही, त्या वर लिहिल्या.

उत्तर सवडीने लिही. फक्त एखाद्या संध्याकाळी तिचा फोन एकदा वाजू दे आणि लगेच ठेवून दे. तिने त्याआधीच उचलला, तर पुढचे मात्र तुझे तू सांभाळ.

दोन्ही टोकांच्या मधली,
तुझी बहीण
रचना