वन्संना कळवायचं राहिलं ते

बेडसे,
दि. १८ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप नंदावन्संना हिराचा वाकून नमस्कार. दाजींनाही सांगा.

इकडे सगळे बरे आहेत. थंडीत तुमच्या आईंचा गुडघा धरला होता, आता ऊन खायला अंगणात येऊन बसतात. खाचरातला हरभरा घाट्यावर आलाय. तुमच्या भावाला उर्शाच्या कंपनीत दिवसपाळी मिळाली, त्यामुळे संध्याकाळी घरात माणूस दिसतं. हनुमंतभाऊजी तुमच्या सुदुंबऱ्याला निघालेत, त्यांच्याकडे वालाच्या शेंगा देते आहे. त्याच पिशवीत हे पत्र.

पत्र कशाला, असं म्हणाल. वन्सं, फोनवर बेडशाचं नाव निघालं की तुमच्याकडचं दूध उतू जायला लागतं. "ठेवते गं हिरे" म्हणता आणि ठेवता. म्हणून लिहायला बसले.

आधी हे सांगते की आमची लेक सृष्टी चांगली आहे. कालच शेजारच्या पोरीच्या झिंज्या उपटून आली. आता पुढचं वाचा.

गणपती झाल्यावर अंगणवाडीत पोरांच्या तपासणीची सरकारी गाडी आली होती. सृष्टीला सर्दी होती म्हणून मी तिला घरीच ठेवणार होते. पण तुमच्या आई म्हणाल्या, "फुकटची तपासनी ती, नुसती दंडाला मापाची पट्टी लावून सोडत्यात. जाऊ दे पोरीला, तेवढंच खेळंल." डॉक्टरीणबाई तळेगावच्या, रजनीताई नाव त्यांचं. बाकीच्या पोरांना भराभर बघून पुढे सरकवत होत्या, सृष्टीच्या छातीला नळी लावली आणि थांबल्या. सगळ्या पोरांना गप्प केलं. परत ऐकलं. मग मला विचारलं, "ही धावली की धापा टाकते का?"

टाकायची, वन्सं. खोकलाही महिना महिना हटायचा नाही. मी आपली आडुळसा उकळून देत होते.

पुण्याला मोठी तपासणी केली. हृदयात भोक निघालं, जन्मापासूनचं. हे तर दवाखान्याबाहेर कट्ट्यावर बसले ते उठेचनात. खर्चाचा धसका. रजनीताई म्हणाल्या, "कैलासदादा, तपासणीपासून ऑपरेशनपर्यंत सगळं सरकारी योजनेतून होतं. तुम्ही फक्त मागे फिरू नका." तरी चकरा झाल्याच. एकदा दाखला कमी पडला, एकदा तिला ताप आला म्हणून तारीख पुढे गेली. दर वेळी रजनीताईच फोन करून आम्हाला उठवायच्या.

अडून बसल्या त्या तुमच्या आई. "नाचती-खेळती पोरगी, तिला कापाया कशापाई न्येताय?" शेवटी मीच त्यांना म्हटलं, तुम्हीच चला आणि मोठ्या डॉक्टरांना विचारा. आल्या. तिथे डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात आणखी कुणाला हृदयाचा आजार होता का? ह्यांनी खाली बघितलं. आईंनीही.

वन्सं, इथवर लिहून काल मी पेन खाली ठेवलं होतं. आज परत घेतलंय.

मी प्रदीपचं नाव घेतलं. म्हटलं, ह्यांचा भाचा होता, नऊ वर्षांचा, आमच्याकडेच असायचा. चालता चालता मध्येच उकिडवा बसायचा, आम्ही त्याला आळशी म्हणायचो. ओठ निळे पडायचे, आम्ही म्हणायचो गारठ्याने. आणि त्या चैत्रात त्याच्या आईबरोबर लेण्यांच्या पायऱ्या चढताना बसला, तो परत उठला नाही.

डॉक्टर म्हणाले, "त्याला न बघता मला नक्की सांगता येणार नाही. पण तुम्ही सांगताय त्यावरून हे जन्मापासूनचं हृदयाचं दुखणं वाटतं."

आईंच्या कानावर नीट पडावं म्हणून मी मोठ्याने विचारलं, "म्हणजे त्याच्या आईने वर नेलं म्हणून झालं नाही ना?"

"नाही हो. डोंगर चढल्याने असला आजार होत नाही. त्या माऊलीचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नसणार."

तुमच्या आई मटकन बाकावर बसल्या. पदराचा बोळा तोंडात धरला. "म्या माझ्या पोटच्या लेकीला काय बोलले गं, हिरे! भरल्या घरात बोलले, तूच न्हेलंस त्याला वर." त्या दिवशी तेराव्याचं पान तसंच ठेवून तुम्ही निघून गेलात, त्याला बारा वर्षं होऊन गेली. तुमच्याबरोबर मीही रडले होते, पण सासूसमोर बोलायची तेव्हा माझी छाती नव्हती.

बऱ्याच वेळाने त्याच उठल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "न्या पोरीला. करा काय करायचं ते."

संक्रांतीला तुमचा फोन आला, तेव्हा सृष्टी मामाकडे गेलीय असं मी सांगितलं. ती दवाखान्यात होती, ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. ज्यांचं लेकरू गेलं त्यांना आपलं वाचल्याचं कोणत्या तोंडाने सांगायचं, तेच कळेना. प्रदीपच्या वेळी अशी गाडी आपल्या वस्तीवर आली असती तर... हे वाक्य मला पुरं करवत नाही. तुम्हीही करू नका.

आता गाडी यायची असली की तुमच्या आई काठी टेकत घरोघर फिरतात. "चला गं, पोरं घिऊन चला, छाती दाखवून घ्या." कुणी आढेवेढे घेतले तर उंबऱ्यातच बसून राहतात. पण तुम्हाला फोन करायचं त्यांना धाडस होत नाही. दोनदा माझ्याकडून मागून घेतला, नुसता हातात धरला आणि परत दिला. मग म्हणाल्या, लिही. शब्दाला शब्द लिहिते: "नंदे, माजं चुकलं. हितं ये आन माज्या तोंडावर मला काय बोलायचं त्ये बोल. पर ये."

तुम्ही यावंच, असं मी म्हणणार नाही. त्यांचं बोलणं तुम्ही बारा वर्षं वाहिलंत, आता एका पत्राने ते उतरावं असं कसं म्हणू? पण वन्सं, माहेर एकट्या आईचं नसतं. ते तुमच्या भावाचंही आहे, आणि थोडं माझंही.

मी ह्या घरात नवी आले तेव्हा सगळे मला "ए नवरी" म्हणायचे. नात्याने पहिली हाक प्रदीपने मारली. एवढी वर्षं त्याचं नाव इथे कुणी काढत नव्हतं. आता आई रोज काढतात. सृष्टीला कळलंय की तिला एक दादा होता. तो कसा होता ते तिला ऐकायचंय, आणि मला सगळं कुठे ठाऊक आहे?

तुम्ही सांगाल म्हणून वाट बघणारी,
तुमची भावजय आणि प्रदीपची मामी,
हिरा