सुशीलाचा माफ केलेला चहा

प्रिय गुरुजी,

तुम्ही जाऊन वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाला सवडीनं लिहायचं मनात होतं, पण रविवारपासून डोक्याचा पार भुगा झालाय. तुमच्याशिवाय विचारू तरी कुणाला?

तुमचं श्रमदान चालू आहे. दर रविवारी सकाळी खराटे, फावडी घेऊन आम्ही अठरा-वीस जण गाव झाडायला निघतो. तुमच्यामागं ते सगळं माझ्या गळ्यात पडलं. अंगणवाडीची बाई म्हणजे गावाला फुकटचीच वाटते ना!

तुमचा नेमही चालू आहे. कामावर कुणी जात, पक्ष, भावकी काढायची नाही. काढली तर पुढच्या रविवारी सगळ्यांना चहा करून पाजायचा. मला तो नेम फार आवडायचा. आठवतं ना, पहिल्याच वर्षी बांधाच्या भांडणावरून दोघा चुलतभावांनी एकमेकांवर फावडी उगारली होती? नेम आला आणि तेच दोघे एका नालीत उतरले.

त्याच्या आधीच्या रविवारी सुशीला सगळ्यांसमोर बोलली, "आमची गल्ली दरखेपी शेवटीच का? बौद्धाची हाय म्हणून का?" लगेच एकजण उठला, "जात काढली! नेम म्हंजी नेम." मी म्हणाले, बरं, पुढचा चहा सुशीलाचा. चहाच तर आहे, असं वाटलं मला.

रविवारी तिनं आलं घालून चहा आणला. आणि काय सांगू गुरुजी! एकाला पित्त झालं, एकाचा उपास निघाला, एकजण म्हणाला, "आताच घरून घेऊन आलोय." असे सहा जण. कुणी वाकडा शब्द काढला नाही, उलट हसून हात जोडले. मी दोन कप प्याले. तिला दिसावं म्हणून प्याले, हेही खरं.

उरलेल्या चहाचं पातेलं उचलताना ती म्हणाली, "मंगलताई, मी बोलले तर नेम मोडला. ह्यायनी काय मोडलं मग?" तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

सुशीला तुमच्यासमोरही दोनदा अशीच बोलली होती. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "सुशीलाबाई, तुमचं माफ. चहा मी करतो." केवढं मोठं मन, म्हणून मी टाळ्या वाजवल्या होत्या! आता वाटतं, कोण पिणार नाही ते तुम्हाला नावानिशी माहीत होतं. तुम्ही तिला सांभाळत होतात, की श्रमदानाला? तुम्ही तर तिच्या घरी मांडी घालून जेवलेले. मग इथंच का गप्प बसलात? तुमचा राग येतो, आणि राग आला की रडू येतं.

नेम मोडीत काढावा, तर उद्या कुणीही उठून काहीही बोलेल, आणि सुशीलालाच आधी बोलेल. ठेवावा, तर ते सहा जण त्याच्या आड निवांत! तुम्ही असता तर काय केलं असतं, हेच विचारायला बसले होते. पण तुम्ही काय केलंत ते मला ठाऊकच आहे की.

म्हणून एवढा शब्द देते. येत्या रविवारी सुरुवात सुशीलाच्या गल्लीपासून होईल. आणि खराटा हातात घ्यायच्या आधी मी सगळ्यांसमोर विचारीन, तिचा चहा का नको होता? एकेकाचं नाव घेऊन विचारीन. त्या नावांत तुमचंही घेईन, गुरुजी.

तुमची विद्यार्थिनी,
मंगल