डाव्या डोळ्याचा नेम

ती. आईस,

"त्या खिळ्याकडे बोट दाखव आणि उजवा डोळा मीट," रायफली दुरुस्त करणारे काका म्हणाले. मी मिटला. डाव्या डोळ्याला बोट खिळ्यावरून सरकलेलं दिसलं नाही.

"अगं, तुझा नेमाचा डोळा डावा आहे. मग रायफल उजव्या खांद्यावर कशाला मिरवतेस?"

मी सांगितलं, लहानपणी डाव्या हाताने काही उचललं की आई चापट मारायची.

"हाताची खोड आईने मोडली. डोळ्याची कशी मोडणार?"

रागावू नकोस, मी खूप हसले. तीन महिने दूरच्या लक्ष्यावर माझ्या गोळ्या भरकटत होत्या आणि मी वाऱ्याला बोल लावत होते. तुला कळवलं नव्हतं, पण शेवटच्या चाचणीत नेम सुधारला नाही तर मला नेमबाजीच्या संघातून काढणार आहेत.

काकांनी मला डावखुऱ्यांची रायफल निवडून दिली. खांद्याला टेकणारा दस्ता दोन बोटं आखूड केला, गालाखालची पट्टी उचलली. आता मान न ताणता दुर्बिणीत पूर्ण वर्तुळ दिसतं. पंधरा दिवस झाले, खांदा अजून अवघडतो, पण गोळ्या एकमेकींना धरून बसतात. चाचणी उद्या आहे.

जेवणखाण वेळेवर चालू आहे. तुझा गुडघा कसा आहे? नुसतं "बरा आहे" लिहू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. काल पत्र टाकायचं राहून गेलं. आज सकाळी चाचणी झाली. वीसपैकी सतरा गोळ्या मधल्या वर्तुळात लागल्या. मला संघात ठेवलं आहे.