शिट्टी नाही, असं मी सांगितलं

प्रिय अक्षता,

तुझी चिप खरं केवढ्याला पडली, ते काल बसून मोजलं. चौदा महिने, गावच्या गड्ड्याच्या हुकलेल्या दोन यात्रा, तुझ्या आईनं बेंगळुरूला धाडलेली सात किलो शेंगाचटणी आणि तुझ्या चष्म्याचा वाढलेला अर्धा नंबर. कंपनीनं घातलेलं वेगळं, ते त्यांचं ते बघतील.

इकडं सगळं मजेत. आपल्या गल्लीतल्या सिद्धरामच्या पोरीच्या लग्नात आपल्या साउंड सर्व्हिसचे दोन्ही टेम्पो होते. सत्काराला उठलेले नवरदेवाचे आजोबा चन्नप्पा माईक घेऊन थेट कर्ण्यापुढं गेले आणि सगळा मांडव शिट्टीनं कोकलला. मी पंगतीतूनच ओरडलो, तिसरा कर्णा फिरवा. पोळी हातातच होती. शिवप्पाचा कान म्हणजे कान, असं लोक म्हणाले आणि मीही नको म्हटलं नाही. रेडिओ दुरुस्तीच्या एका टेबलावरून इथवर आलो ते कानाच्याच जिवावर की. मीटर कुठला? आवाज ऐकायचा, कॉइलचा गाभा लाकडी काडीनं फिरवायचा, जुळला की वर मेणाचा थेंब.

म्हणून तर तुझं ते बँड-पास डेल्टा-सिग्मा, सिग्नलचे आकडे करणारं चिपमधलं सर्किट, मला परकं वाटलं नाही. आलेल्या सिग्नलातून आपणच दिलेलं उत्तर वजा करायचं, उरलेली चूक पुन्हा आत फिरवायची, सेकंदाला कोट्यवधी वेळा. त्यानं गोंगाट मरत नाही, बाजूला सरतो, आणि आपल्याला हवा तेवढा पट्टा स्वच्छ राहतो. यात्रेत नंदीध्वजांना वाट करताना गर्दी कुठं कमी होते? दोरीपलीकडं जाते. पण उत्तर परतायला जरा उशीर झाला, की अख्खं सर्किट आपल्या मांडवासारखं स्वतःच गायला लागतं. हे तू सांगितलंस तेव्हा मी लई हसलो होतो.

मागच्या आठवड्यात तुला मोजणीच्या पडद्यावर नको त्या सुराचा बारीक सुळका दिसला. सोबतचे म्हणाले, मोजायच्या यंत्राचा असेल. तुला तो चिपचाच वाटत होता. तू तो कानाला ऐकू येईल इतका खाली आणून मला पाठवलास, कारण आपल्या घरात अप्पांनी ऐकल्याशिवाय काही पास होत नाही. मी तीनदा लावला आणि कळवलं, शिट्टी नाही, स्वच्छ आहे. तुझी शंका तिथंच मिटली. येत्या सोमवारी सही करते, मग चिप्स हजारांनी बनतील, असं तू लिहिलंस.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा तुझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. “अहो, ती शिट्टी बंद करा की, कान किटले.” मी म्हटलं, कुकर असंल. कुकर चढवलाच नव्हता. हे आठ दिवस पोटात ठेवलं. फोनवर मीच थट्टेत उडवलं असतं, म्हणून कागदावर लिहून कुरियरनं धाडतोय. सही करू नकोस. चिप तापवून पुन्हा मोज. सुळका जागचा हलला, तर तो यंत्राचा नाही, चिपचाच; तुझंच खरं. काल कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. चार हजार हर्ट्झच्या वरचं मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.

तुझाच,
अप्पा