तिसरा नंबर परत मिळणेबाबत

प्रति,
मे. ओव्हरसियरसाहेब,
पाणीपुरवठा खाते,
नगर कचेरी, रत्नागिरी.

विषय: अर्जदाराचे घर पाणी विभाग क्र. २ मधून काढून विभाग क्र. १ मध्ये घालणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराचाच ता. १२ जानेवारीचा अर्ज, जो आपण मंजूर केलात.

महोदय,

मी नझीर इस्माईल सोलकर, वय ६३, राहणार बंदरआळी, बंदर कचेरीतील निवृत्त कारकून, सविनय सादर करतो की, खालील प्रकरणी आपल्या खात्याकडून कोणतीही कसूर झालेली नाही. कसूर सर्वस्वी अर्जदाराची आहे.

१. शहराचे चार विभाग पाडून प्रत्येकास ठरावीक वेळी पाणी सोडण्याचे आपण योजिले, तेव्हा आमच्या आळीतील हद्दीचा नकाशा मीच अर्जासोबत जोडला होता. हद्द माझ्या घराच्या पूर्वेकडील पऱ्ह्यावरून, म्हणजे ओहोळावरून, न्यावी, माझ्या दारात वेगळा नळ द्यावा, आणि एका विभागाचे भांडे दुसऱ्या विभागाच्या नळावर आढळल्यास जप्त करावे, ही तिन्ही कलमे माझी. आपण ती जशीच्या तशी घेतलीत. तीस वर्षे नोकरीत अर्ज खरडले. इतक्या झटपट मंजूर झालेला हा एकच.

२. त्या अर्जात मी "जुन्या नळावरील स्त्रियांचा असह्य कलकलाट" असे कारण दिले होते. खरे कारण निराळे आहे. माझी पत्नी मासूमा दोन वर्षांपूर्वी वारली. पऱ्ह्यापलीकडच्या जुन्या नळावर, जो आता विभाग क्र. १ मध्ये आहे, तिची कलशी अकरा वर्षे तिसरी लागत असे. ती गेल्यावर मी कलशी घेऊन गेलो आणि रांगेच्या शेवटी उभा राहिलो, तर शेजारीण हौसाबाई ओरडली, "ओ चाचा, शेवटी कुठे जाताव? भाभीचा नंबर तिसरा, तो तुमचाच!" तेव्हापासून बायकांत मी एकटा पुरुष. चिंच लावून कलशी कशी घासावी, कालवणात कोकमे किती घालावीत, हे सर्व मला त्या रांगेत कळले. माझी टिंगलही रोज व्हायची. जानेवारीत हौसाबाई आणि कमळाबाई यांची जुंपली आणि धक्का लागून कलशीला पोचा पडला. मासूमाने अकरा वर्षांत तिला ओरखडा येऊ दिला नव्हता. माझे डोके फिरले. घरी येऊन त्याच दुपारी तो अर्ज लिहिला.

३. ता. १५ एप्रिलपासून माझ्या दारच्या नळाला दुपारी चार वाजता पाणी येते. भरपूर येते. मात्र या नळावर भरणारे घर माझे एकट्याचेच आहे. एका अंगास मिठाचे गोदाम, दुसऱ्या अंगास मुंबईकरांचे कुलूपबंद घर. मला दोन कलश्या पुरतात. चावीवाला रघू सायकलवरून येतो, "आलं काय पाणी?" असे विचारतो, मी "आलं" म्हणतो, आणि तो पुढे जातो. दिवसभरातले माझे बोलणे एवढेच. मुलगा नासिर मुंबईस गोदीत आहे. त्याचे पत्र महिन्याकाठी येते. परवा रघू आजारी होता, बदली माणसाने काहीच विचारले नाही. मी उगाच नळाशीच "आलं" म्हणालो. साहेब, मला फार एकटे वाटते. हे वाक्य अर्जात बसत नाही हे मला ठाऊक आहे, तरी ते असू द्यावे.

४. आता तातडीचे कारण. आमच्या आळीत बाई बाळंतपणाला माहेरी गेली की तिचा नंबर सव्वा महिना राखतात. तिच्या जागी जांभ्याचा खडा ठेवतात आणि रांग सरकेल तसा शेजारीण तो पायाने पुढे सरकवते. गेल्या सोमवारी मी पऱ्ह्याच्या अलीकडून पाहिले, तो तिसऱ्या जागी खडा. हौसाबाई तो सरकवत होती आणि कमळाबाई सर्वांना सांगत होती की, चाचा बाळंतपणाला गेलेत. मी हसलो, आणि मग घरी येऊन ता. १५ एप्रिलपासूनचे दिवस मोजले. हा सव्वा महिना ता. २३ रोजी भरतो. त्यानंतर नंबर नव्याने राहावयास आलेल्या मथुराबाईस जाईल. तिचा काही दोष नाही, तिच्या घरात सहा माणसे आहेत.

५. सबब विनंती की, हद्द पश्चिमेस एकोणीस फूट सरकवावी. माझ्या घराची रुंदी तेवढीच आहे, मी स्वतः मोजली. हे अशक्य असल्यास दारचा नळ काढून न्यावा. तेही अशक्य असल्यास तो बिघडवावा; त्या कामास माणूस नसल्यास लेखी कळवावे, मी बिघडवून देतो. जुन्या नळास जोर कमी असून तिसऱ्या नंबरासही कधी कधी अर्धीच कलशी मिळते, याची मला जाणीव आहे. अर्धी पुरेल.

६. निकाल वेळेत न लागल्यास ता. २३ रोजी सकाळी सहा वाजता माझी कलशी जुन्या नळावर खड्याच्या जागी उभी असेल. ती जप्तीस पात्र आहे; कलम माझेच आहे, मी हरकत घेणार नाही. फक्त जप्तीस येणाऱ्या इसमाने एवढी मेहेरबानी करावी की, तिचा नंबर येऊ द्यावा, ती भरू द्यावी, आणि मग न्यावी.

स्वतःच्याच अर्जाने अडलेला,
आपला नम्र,
नझीर इस्माईल सोलकर
ता. २० मे १९५९

सोबत: (१) दुरुस्त नकाशा. (२) सुंभाची दोरी, एकोणीस फूट, खात्री करून घेण्यासाठी.