यार्देनच्या रांगेत

हौगांग, सिंगापूर
रविवार, उपासनेहून परत आल्यावर

प्रभूमध्ये प्रिय पद्माकरमामा आणि सुलेखामामी,

तुम्हां उभयतांना अभय आणि नंदाचा मनापासून सलाम. प्रभूच्या कृपेने आम्ही इकडे धडधाकट आहोत (माझी पाठ सोडून, तिची हकीकत पुढे येईलच). तिकडे मामींचा गुडघा, तुमची साखर आणि देवळाच्या छपराची गळती ही तिन्ही काबूत असतील अशी आशा करतो. अवनीचं कॉलेज चालू आहे. तिला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे या पत्रात तिच्याविषयीही मोकळेपणाने लिहिता येईल. आजच्या काळात टपालाने पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तर मामा, घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडलात, फोनवर हवापाण्यापलीकडे बोलत नाही, मग राहिलं काय? का बाहेर पडलात ते मला ठाऊक आहे, पण त्या विषयात आत्ताच शिरत नाही. आधी प्रवासाचं सांगतो.

आमच्या लग्नाला यंदा पंचवीस वर्षं झाली. त्यानिमित्त पवित्र भूमीला जाऊन यावं ही नंदाची इच्छा आणि माझी तर लहानपणापासूनची. शब्बाथशाळेच्या भिंतीवरचा तुमचा तो नकाशा मी अजून डोळे मिटून काढू शकतो. त्यात क्षारसमुद्राच्या जागी कायम एक पाल बसलेली असायची आणि तुमची छडी तिथे आली की ती सरकून मवाबात जायची. आमच्या इथल्या मंडळीची शहाणी माणसं अशा यात्रेला सहल कंपनीबरोबर जातात: थंडगार बस, गाइड, तिन्ही त्रिकाळ बुफे. पण मी पडलो हिशेबनीस. तांजोंग पगारच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या खर्चावर लाल खुणा करतो, तो स्वतःच्या खर्चाला कसा सोडीन? मी जाहीर केलं की आपण भाड्याची गाडी घेऊन आपले आपण हिंडायचं. इस्राएल लोक त्या मुलखात चाळीस वर्षं पायी हिंडले, आपल्याला निदान चार चाकं आहेत. नंदा म्हणाली, त्यांना निदान वरून मान्ना मिळत होता. तेव्हा मान्नाची सोय म्हणून आम्ही छोटा राइस कुकर, तांदूळ आणि मामींनी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली. यरुशलेमचा बेत सध्याच्या परिस्थितीमुळे सोडला आणि यार्देनच्या अलीकडचा, म्हणजे जॉर्डन देशातला मुलूख तेवढा पाहायचं ठरवलं.

मामा, सिंगापुरात गाडी बाळगणं ही श्रीमंतांची चैन आहे. माझं लायसन्स इतकी वर्षं पाकिटात नुसतं झोपून होतं. त्यातून आपण डावीकडून चालवणारी माणसं आणि तिकडे सगळं उजवीकडून. मी वळण्याआधी दिवा द्यायला जायचो आणि काचेवरचे वायपर सुरू व्हायचे. आभाळात ढगाचा पत्ता नाही आणि आमची गाडी काच पुशीत चालली आहे, हे पाहून मागचे लोक आदराने अंतर ठेवून चालत (हा आदर नव्हता, असं नंदाचं मत आहे). पुन्हा त्या देशात गतिरोधक रंगवायची पद्धत दिसली नाही. गाडी उडाली की समजायचं, येऊन गेला. माझी पाठ गेली ती तिथेच. मेदबाच्या लॉजात राइस कुकर लावला तर अख्ख्या मजल्याचे दिवे गेले. मालक मेणबत्ती घेऊन वर आला आणि अंधारात भाताच्या वाफेत बसलेलं हे वयस्क जोडपं पाहून त्याने आम्हाला खाली आपल्या घरी नेलं आणि पोटभर जेवू घातलं. आम्ही त्याला शेंगदाण्याची चटणी दिली. त्याने ती चमच्याने नुसतीच खाल्ली. पुढचा अर्धा तास तो तिखटाने पाणी पीत होता आणि मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

नबो डोंगरावर मात्र मन भरून आलं. जिथून मोशेने वचनदत्त देश लांबून पाहिला त्याच कड्यावर मी उभा होतो. खाली यार्देनचं खोरं, पलीकडे धुक्यात यरीहो. मोशेला आत जायला मिळालं नाही ते आठवून मला हुंदका आला, आणि इतक्यात मागे बघतो तर आमचं बाक गेलेलं! झालं असं की इकडे सिंगापुरात फूड कोर्टात टेबल अडवायचं असेल तर त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवून जेवण आणायला जातात. त्या पाकिटाला कोणी हात लावीत नाही, तो इथला अलिखित कायदा आहे. मी सवयीने सावलीतल्या बाकावर पाकीट ठेवलं होतं. परतलो तर बाकावर यात्रेकरू बायकांची एक फळी बसलेली, आणि मधली आजीबाई माझ्याच टिश्यूने मोशेसाठी डोळे पुसत होती. नंदा म्हणाली, चला, कोणाच्या तरी उपयोगी पडलात.

क्षारसमुद्राकाठच्या (हल्लीच्या भाषेत डेड सी) हॉटेलांचे किनारे महाग, म्हणून आम्ही फुकटचा किनारा शोधला. फुकट म्हणजे काय हे पाण्यातून बाहेर आल्यावर कळलं: गोड्या पाण्याचा एक नळ नाही. वाळल्यावर आम्ही दोघं खारवलेल्या बोंबलांसारखे पांढरे दिसू लागलो. गाडी अरुंद जागेतून मागे घ्यायची होती. मी नंदाला म्हटलं, जरा मागे वळून बघ आणि सांग. तिने साफ नकार दिला. या इलाख्यात मागे वळून बघणाऱ्या बायबलातल्या बाईचा मिठाचा खांब झाला ते मला माहीत आहे, म्हणाली, आणि मी अर्धी मिठाची झालेलीच आहे. मग मीच बघितलं आणि एका खांबाला मागचा दिवा लावला.

आता मामा, बसला नसाल तर बसून घ्या. अंगाला मीठ, मिठाची खाज, अशा स्थितीत आम्ही यार्देनवर पोहोचलो. (नदी म्हणाल तर आपल्या सीना नदीइतकीच, आणि रंगही तोच.) काठावर एक रांग होती. आता तुम्हाला इथली आणखी एक सवय सांगायला हवी. सिंगापूरकराला रांग दिसली की तो आधी उभा राहतो आणि कशाची म्हणून मग विचारतो, कारण एवढे लोक उगाच उभे राहणार नाहीत. हौगांगच्या मॉलमध्ये मी असाच एकदा उभा राहून लहान मुलांचे दात तपासतात तिथवर पोहोचलो होतो. त्या दिवशीही पाय आपसूक रांगेत गेले. मला वाटलं, पाणी अंगावर घेण्याची रांग आहे, मीठ तरी जाईल. कोणीतरी पांढरा झगा दिला, तो मी घातला. कपडे भिजू नयेत म्हणून देतात, किती व्यवस्था आहे बघ, असं मी नंदाला म्हटल्याचंही आठवतं. पुढे कमरेएवढ्या पाण्यात धिप्पाड पाळक उभे होते, ब्राझीलकडच्या कुठल्याशा मंडळीचे. त्यांनी मला त्यांच्या भाषेत काहीतरी गंभीर विचारलं. न समजलेल्या प्रश्नाला मान हलवायची हे ऑफिसच्या मीटिंगांमध्ये माझ्या अंगात मुरलं आहे. मी हलवली. पुढच्या क्षणी त्यांचा एक हात माझ्या पाठीखाली, एक नाकावर, आणि मी अख्खाच्या अख्खा यार्देनच्या पोटात.

होय मामा. तुमचा भाचा, ज्याच्या कपाळावर तुमच्याच देवळात तान्हेपणी पाणी शिंपडलं गेलं तो, पन्नाशीत दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेऊन बसला. वर आलो तर अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. ती सगळी एक गीत गाऊ लागली. शब्द त्यांचे, पण चाल आपलीच, नाताळच्या पहाटे तुम्ही पेटीवर धरायचात ती. मी मराठीतून गायलो आणि लहान पोरासारखा रडलो. नंदाने काठावरून व्हिडिओ काढला आणि अवनीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "पप्पा, यू सो कियासू! बॅप्टिझम ऑल्सो मस्ट टेक सेकंड हेल्पिंग, मेह?" कियासू म्हणजे इथल्या बोलीत, आपला वाटा चुकेल या धास्तीने जिथे तिथे ताट पुढे करणारा.

आता तो विषय. निशिकांतने दोन वर्षांपूर्वी पुण्याला एका सहभागितेच्या, म्हणजे नव्या पंथाच्या मंडळीच्या, प्लास्टिकच्या टाकीत बुडून बाप्तिस्मा घेतला आणि फोटो ग्रुपवर टाकला, तेव्हा तुम्ही म्हणालात की एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा घेणं म्हणजे पहिल्या वेळी देव झोपला होता असं म्हणणं. पोटच्या मुलाला तुम्ही उंबरठ्याबाहेर ठेवलंत आणि दोन नाताळ तो आला नाही. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. शाळेची सारी वर्षं तुमच्या घरी, निशिकांतच्याच खाटेवर झोपून काढली, तुमच्या ताटातलं खाल्लं. म्हणून मी स्वतःहून पंचांपुढे उभा राहतो. माझ्या बाजूने एवढंच सांगतो की हे चुकून झालं. मीठ होतं, रांग होती, भाषा परकी होती. पण तुमचा नियम साधा आहे आणि त्यात रांगेसाठी सूट नाही, हे मला मान्य आहे. मला फार वाईट वाटतं मामा. ते तुम्ही ओळखालच.

दोघांनाही पुन्हा सलाम. मामींनी गुडघ्याला तेल लावत जावं.

तुमचा (अजून असेन तर) भाचा,
अभय

ता. क. तुम्ही मागवलेलं यार्देनचं पाणी बाटली मोठी म्हणून विमानतळावर काढून घेतलं. माझ्या डाव्या कानात अजून थोडं आहे असं वाटतं.

ता. क. दुसरा: खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच होतं. नाताळला आम्ही नगरला येतो आहोत, तिकिटं काढली. आता नियमाप्रमाणे मलाही बाहेरच राहावं लागेल. मग मी पुण्याला निशिकांतकडे उतरेन, आणि मामींच्या करंज्या आम्हा दोघांना चुकतील. तेव्हा मामा, दोघांनाही आत घ्या किंवा दोघांनाही बाहेर ठेवा, पण कळवा. आणि मला कळवण्याआधी त्याला फोन करा. तो वाट बघतो आहे. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं.

ता. क. तिसरा, नंदाच्या हातचा: मामा, मामी, सलाम. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ह्यांना म्हणावं तेवढं खोटं बोलता येत नाही, म्हणून मी दुरुस्त करते. क्षारसमुद्रावर आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. नदीवर ह्यांच्या अंगाला मिठाचा कण नव्हता. त्या पाळकांनी स्वच्छ इंग्रजीत विचारलं, आणि रांग कसली ते मी ह्यांना आधीच सांगितलं होतं. ह्यांनी चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मामा एकाला बाहेर ठेवू शकतात गं, दोघांना ठेवायला लागले तर मामी ऐकायची नाही." पोहता येत नाही, तरी पाण्यात उतरले. गाणं आणि रडणं मात्र खरं होतं. निशिकांतची ती खाट दोघा भावांना पुरेल का तेवढं कळवा. हे आता पहिल्यापेक्षा जाड झाले आहेत.