माझ्याच आवाजातल्या चोराचे पत्र

तीर्थस्वरूप आत्या यांस भाच्याचा वाकून नमस्कार. (आई-वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, हा फरक तुम्हीच माझ्याकडून घोटून घेतला होता. चोर एवढी काळजी घेत नाहीत, हे कृपया ध्यानात असू द्यावे.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना? काकांचा खोकला थांबला असेल तर ते हे पत्र तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवत असतील. थांबला नसेल तर त्यांनी पाण्याचा पेला जवळ घेऊन बसावे, कारण पत्र लांबणार आहे. माझे म्हणाल तर मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, कामावर जातो. फक्त एका कंपनीच्या मते मी सध्या मी नाही, आणि आता आपल्या घरच्यांचेही तेच मत झाले आहे.

झाले असे की माझ्या ईमेलच्या खात्याला कुलूप लागले आहे. मी बाहेर आहे आणि आत एक न वाचलेले पत्र आहे. ते कोणाचे, हे लिहायला मी मघापासून तीनदा पेन उचलून खाली ठेवले. (काका, इथे जरा आवाज हळू करा, शेजारच्या खिडक्या उघड्या असतात.) ते आमच्या दुकानातल्या करंडकवालीचे आहे. आमचे दुकान नावपाट्यांचे आणि करंडकांचे, हे तुम्हाला माहीत आहे. मी पितळेवर अक्षरे कोरतो आणि ती कप, दांडी आणि बैठक जोडून करंडक उभा करते. माझ्या यंत्राचा कीस उडतो म्हणून मालकांनी आमच्या मध्ये काच लावली आहे, त्यामुळे ती मला दिवसभर दिसते आणि अजिबात ऐकू येत नाही. एकदा मी तिला विचारले होते की ‘उत्तेजनार्थ’च्या करंडकाची बैठक पहिल्या बक्षिसाइतकीच घासूनपुसून कशाला बसवता? तर म्हणाली, “हरलेल्याच्या घरी जाऊन तो डुगडुगला तर बरं दिसेल का?” आत्या, तेव्हापासून मीच डुगडुगतो आहे.

मग मी तिला ईमेल लिहिले. समोरासमोर बोलायचे तर यंत्राची घरघर, आणि यंत्र बंद केले तर मालकांचे कान. शिवाय बोललेले खोडता येत नाही. वर विषय लिहिला ‘विवाहाबाबत’, खाली माझी माहिती, माझ्या सवयी, आणि शेवटी पुरवणी म्हणून माझे दोष. (दोष मुख्य मजकुराहून लांब झाले, पण काटछाट करणे लबाडीचे वाटले.) पत्र पाठवले आणि तिच्याकडे बघायचे सोडून दिले. काच असताना हे फार अवघड जाते. रोज सकाळी आम्ही एकमेकांना “आज ऊन जास्त आहे” असे म्हणत होतो, पाऊस असला तरी.

आणि गेल्या आठवड्यात ऐन कामात फोन टिणटिणला. पडद्यावर तिचे नाव, आणि खाली एवढेच: “तुमचं पत्र आणि पुरवणी दोन्ही वाचली. मला असं वाटतं की” आणि पुढे तीन टिंबे. आत्या, त्या तीन टिंबांत माझे सगळे आयुष्य आहे. पुढचे वाचायला मी किसाने माखलेले बोट घाईने दाबले आणि फोन सटकला तो थेट पाट्या उजळायच्या पाण्याच्या बादलीत. त्या पाण्यात काळे पडलेले पितळसुद्धा सोन्यासारखे निघते. फोनही तसाच निघाला, लखलखीत. फक्त प्राण गेलेला. सिम तेवढे वाचले.

आता न्यायाची गोष्ट ऐका. मी मालकांचा जुना फोन मागून आणला, त्यात सिम घातले, पासवर्ड टाकला. कंपनी म्हणाली, पासवर्ड बरोबर आहे. मी म्हटले, वा. तर पुढच्या ओळीत म्हणते, पण हे तुम्हीच आहात याची आम्हाला खात्री नाही. म्हणजे किल्ली बरोबर, कुलूप उघडले, आणि दारातला पहारेकरी म्हणतो की किल्ली चालली यावरूनच संशय येतो! तेवढ्यात फोनवर वेगळा इशारा आला की, ‘कोणीतरी अनोळखी उपकरणावरून तुमच्या खात्यात शिरू पाहत आहे. हे तुम्ही आहात का?’ खाली दोन बटणे. आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. ‘कोणीतरी शिरू पाहत आहे’ हे वाचून मी इतका घाबरलो की हे शिरणारे महाशय कोण याचा विचार न करता ‘नाही’ दाबून मोकळा झालो. कंपनीने माझे आभार मानले आणि मला बाहेर काढून दाराला आतून अडसर घातला.

माझे म्हणणे एवढेच आहे की ओळख ठेवायची तर दोन्हीकडून सारखी ठेवा. हीच कंपनी मला दिवसभर जाहिराती दाखवते. माझी चप्पल डाव्या टाचेला झिजली आहे हे तिला माहीत आहे. माझे केस विरळ होत आहेत हे मी आईलाही सांगितले नव्हते, कंपनीने तेलाची बाटली पुढे केली. मी ‘विवाहाबाबत’ लिहिले त्याच संध्याकाळी लग्नाचे सूट, लग्नाची पाकिटे आणि (काका, हे वाचू नका) पाळणासुद्धा दाखवून झाला. काही विकायचे असले की मी अगदी घरचा, आणि माझेच पत्र मागायला गेलो की आपण कोण? असा तर वरपक्षसुद्धा वागत नाही. बरे, मी माणूस आहे हे मी यंत्राला सिद्ध करायचे आणि यंत्राने मला काहीच सिद्ध करून दाखवायचे नाही. चित्रांमधून पूल ओळखायला सांगितले. एका चित्रात गटारावर फळी टाकलेली होती. आता माणसे पलीकडे जातात म्हणजे तो पूलच की नाही? मी विचार करत बसलो तर फार वेळ लावलात म्हणे. दुसऱ्यांदा भराभर दाबले तर म्हणे, इतक्या वेगाने फक्त यंत्रे दाबतात. त्यांच्या मदतनिसाशीही लेखी बोललो. (तोही यंत्रच. त्याला मात्र कोणी पूल दाखवत नाही.) त्याने प्रत्येक वाक्याला ‘तुमची अडचण मी समजू शकतो’ म्हटले आणि शेवटी, अडचण सुटली का, असे विचारले. मी ‘नाही’ लिहिले. तो ‘अभिनंदन’ म्हणाला आणि तारे मागितले. मी पाचच्या पाच दिले. उगाच मनात राग धरायला नको.

मग चेहरा तपासायची पाळी आली. उजेड चांगला हवा होता म्हणून मी दुपारी काचेसमोरच्या खिडकीत फोन धरून उभा राहिलो. फोन सांगत होता तसे करत गेलो. मान डावीकडे वळवा. उजवीकडे वळवा. हळूच हसा. डोळे मिटा, उघडा. मान वरखाली हलवा. सगळे मन लावून केले, हसलोही दोनदा, कारण पहिले हसू त्याला पसंत पडले नाही. आणि फोन खाली घेतला तर काचेपलीकडे करंडकवाली हातात चांदीचा कप धरून माझ्याकडे बघत उभी. फोन तिच्या बाजूने खांबाआड होता, तिला दिसला तो फक्त माझा चेहरा. ती लाल झाली, तिने खाली बघितले, आणि मग तिनेही हळूच मान हलवली. म्हणजे मी तिच्या पत्राला काहीतरी उत्तर दिले आहे आणि तिला ते पोचले आहे. काय उत्तर दिले ते मला माहीत नाही. कंपनीने चेहरा नाकारला, ते वेगळेच.

मालकांना सगळे कळले. (काचेचा उपयोग फक्त किसापुरता आहे.) ते फूटपट्टीने पाठ खाजवत म्हणाले, “अरे गाढवा, ती दहा पावलांवर बसते. जा की आणि विचार!” आता त्यांना कसे समजावणार? पत्रात नकार असेल तर बिचारीला तो दुसऱ्यांदा द्यावा लागेल, आणि होकार असेल तर दुसऱ्यांदा देताना विचार बदलेल. आणि ‘तुमचं उत्तर मी बादलीत पाडलं’ हे माझ्या दोषांच्या पुरवणीत नव्हते.

शेवटचा उपाय राहिला तो विश्वासू माणसाचा. खाते उघडताना कंपनीने विचारले होते की कधी अडचण आली तर तुम्हाला कोण ओळखेल? मी डोळे मिटून तुमचा नंबर दिला होता. सगळ्या नातेवाइकांत न डगमगणारे माणूस एकच. त्याप्रमाणे तुम्हाला संदेश आला, ‘ही व्यक्ती आपल्या ओळखीची आहे का?’ आणि तुम्ही ‘नाही’ दाबले. मला कळवण्यात आले की आपल्या विश्वासू व्यक्तीने आपल्याला ओळखण्यास नकार दिला आहे. आत्या, मला शाळेतून काढले तेव्हाही इतके लागले नव्हते.

तुमची चूक नाही, हे मी आधीच कबूल करतो. फोनवर काहीही आले तरी ‘नाही’ दाबायचे, हा धडा मीच तुम्हाला बसून दिला होता. माझ्या आवाजात फोन आला तरी विश्वास ठेवू नका, हल्ली आवाजही चोरतात, हेही माझेच. पण विद्यार्थी इतका हुशार निघेल असे वाटले नव्हते. मी फोन केला, म्हटले, “आत्या, मी.” तुम्ही म्हणालात, “मी म्हणजे कोण?” म्हटले, “तुमचा भाचा.” त्यावर तुम्ही, “भाच्यानंच सांगितलंय, भाच्याचा आवाज आला की तो भाचा नसतो. धडधाकट दिसतोस, काही कामधंदा कर!” (फोनवर मी धडधाकट कसा दिसलो, हे विचारायचे राहिले.) मग काकांनी फोन घेतला आणि कौतुकाने म्हणाले, “पोरा, आवाज मात्र हुबेहूब काढलायस. ते घाबरून अडखळणंसुद्धा जमलंय.” आणि फोन बंद.

इथवर ठीक होते. पण त्याच संध्याकाळी तुम्ही घरच्या ग्रुपवर सूचना टाकलीत की माझ्या भाच्याच्या नावाने एक भामटा फिरतो आहे, सर्वांनी सावध. झाले! मोठ्या काकांनी मला ग्रुपवरून काढले. मावसभावाने मला, म्हणजे त्या भामट्याला, पोलिसांची धमकी दिली. वहिनीने माझाच फोटो मला पाठवून विचारले की ह्या साध्या मुलाला फसवताना लाज नाही वाटत? फक्त आईने फोन उचलला. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “हे बघ, तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही. पण चोर असलास तरी जेवलास का?” मी जेवलो म्हटले. म्हणाली, खोटं बोलतोस. तेव्हा आईने मला ओळखले असावे, पण ग्रुपच्या विरोधात जायची तिची तयारी नाही.

म्हणून हे हाताने लिहिलेले पत्र. अक्षर माझे आहे, ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या. आणखी खूण हवी असेल तर सांगतो. काकांचा हरवलेला चष्मा हरवलेला नाही. तुम्ही त्यावर बसलात आणि तो तांदळाच्या डब्यात खाली पुरला आहे. हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. (काका, हे वाक्य तुम्ही वाचून टाकले असेल तर माझा नाइलाज आहे. कंपनी म्हणते की गुपित हीच ओळख.)

गुडघ्याला शेक देत राहा. मोठ्यांना नमस्कार, आणि ग्रुपवरच्या सर्वांना भामट्याकडूनही.

आपला (खरा)
भाचा

ता.क. खरे काम लिहायचेच राहिले. कंपनी तुम्हाला पुन्हा एकदा, शेवटचे, विचारणार आहे. या वेळी ‘होय’ दाबा. ते डावीकडे असते. उजवीकडचे तुमच्या चांगल्या ओळखीचे आहे, तिकडे बोट जाऊ देऊ नका.

ता.क. दुसरा. वरच्या ता.क.वरून कोणाच्याही सांगण्याने ‘होय’ दाबायची सवय लावून घेऊ नये. इतर सर्व बाबतीत माझा धडा कायम आहे. माझ्या बाबतीतही, यानंतर.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात करंडकवाली काचेला वळसा घालून आली. म्हणाली, “त्या दिवशी खुणेनं सांगितलंत, पण तोंडानं ऐकायचं होतं. माझ्या अटी वाचल्यात ना?” आत्या, अटी आहेत! म्हणजे नकार नाही! माझ्या तोंडून निघून गेले, “सगळ्या मान्य.” ती म्हणाली, “शेवटचीसुद्धा?” मी म्हटले, “ती तर सगळ्यात आधी.” ती इतकी हसली की हातातला कप तिने बैठकीवर उलटा बसवला. मग जाता जाता थांबली आणि हळूच म्हणाली, “पण तुमच्या आत्या तयार होतील का हो?” त्या अटीत तुम्ही कुठून आलात, मला काही कल्पना नाही. पण तिचा चेहरा बघून मी तुमच्या वतीनेही ‘होय’ सांगून टाकले आहे. आता तुम्ही माझ्या वतीने लवकर दाबा, म्हणजे आपण दोघांनी कशाला होकार दिला आहे ते लग्नाआधी तरी वाचता येईल.